लालासाहेबाच्या बाजूचं ॲप

आमच्या घरात नकाशाचं ॲप निवडायची वेळ आली तेव्हा तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं हाय?"

तात्या म्हणजे माझे वडील, तात्यासाहेब. पलूसजवळच्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की ते ती स्थळ बघितल्यासारखी बघतात. ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यांनी शोरूमवाल्याला त्याचं आजोळ विचारलं होतं. शोरूमवाल्यानं सांगितलंही. त्यावर तात्या म्हणाले, "कळवतो."

"तीन हायत," मी म्हणालो. "एक अमेरिकेचं, एक जर्मनीकडचं. तिसऱ्याचं काय कळत न्हाई."

तिसरं उघडल्याबरोबर माझी जन्मतारीख, उंची आणि वजन विचारायला लागलं. तात्यांनी चष्मा काढला. "सम्मेद, हे आपल्यालाच बघायला आलंय. ह्याला आधी घालव."

ॲप लागायचं कारण गुणमाला आत्या. तात्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती परत आली आणि तेव्हापासून आमच्याच घरी आहे. इतक्या वर्षांत तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. यंदा आमचं जैनांचं दशलक्षण पर्व संपलं आणि पोथी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "मला कासची फुलं बघायची हायत." मग सगळे एकदम हालचाल करायला लागले. आई डबे काढायला लागली, माझा थोरला भाऊ भरतेश गाडीची हवा बघायला गेला, आणि मला सांगण्यात आलं की डोंगरात रेंज नसते, तू शिकलेला आहेस, काहीतरी बघ.

अडचण तारखेची होती. तेरसेआधी तात्यांना संस्थेतून सवड नव्हती. चौदशीला आत्याचा कडक उपवास, पाणीसुद्धा नाही. अमावास्येला तात्या गाडी बाहेर काढत नाहीत. त्यानंतर फुलं आमच्यासाठी थांबणार नव्हती. राहिली तेरस. तेरसेला आत्याचं एकाशन असतं. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, एका जागी मांडी घालून, न बोलता; आणि ते सूर्य असेपर्यंत. एकदा पानावरून उठलं की संपलं. सूर्य गेला की पाण्याचा थेंबही नाही. थोडक्यात, तेरसेचं जेवण चुकलं तर तिला एकदम अमावास्येच्या सकाळीच अन्नपाणी मिळणार. तिला साखर आहे, गोळी जेवणाबरोबर असते. डॉक्टरांनी हे सगळं ऐकून कपाळाला हात लावला होता. आत्यानं त्यांना सांगितलं, "कपाळ दुखत असलं तर सुंठ लावा."

तर ॲप. उरलेल्या दोघांची परीक्षा आत्यानंच सुचवली, "आपलं रान दाखवतंय का बघा. घरचं कळत न्हाई त्याला डोंगरातलं काय कळंल?"

आम्ही सगळे उसाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. अमेरिकेचं निळ्या रंगाचं होतं आणि लय गोड बोलायचं. त्याच्या हिशेबानं आमचं रान म्हणजे एक पांढरा कागद होता आणि आम्ही त्या कागदावर. जर्मनीकडचं हिरवं. ते बोलायचं नाही, पण त्यात ओढा होता, विहीर होती, चढउताराच्या रेघा होत्या आणि कुणा हौशी माणसानं काढलेला आमचा बांधही होता. तात्या आमच्या शेवटच्या दोन सऱ्यांत उभे होते. ॲपमधला ठिपका बांधाच्या पलीकडं उभा होता, लालासाहेबाच्या रानात.

लालासाहेब आमचे शेजारी. त्या दोन सऱ्या त्यांच्या आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे. नाहीत, असं तात्यांचं आहे. दोघंही रोज सकाळी एकमेकांना "झालं का दूध?" एवढंच विचारतात.

तात्यांनी मोबाइल जरा उजवीकडं धरला. ठिपका हलला नाही. त्यांनी तो डोक्यावर धरला. मग म्हणाले, "हे लालासाहेबानं केलंय."

"तात्या, हे जर्मनीत केलंय."

"त्याचा पोरगा पुण्यात कुठं असतो? कम्पुटरमध्येच ना? काढून टाक हे. निळं ठेव. निळ्याला रीतभात हाय."

हिरवं ॲप मी काढलं नाही. कासचा तुकडा त्यात आधीच उतरवून ठेवला होता. मी ते 'पीक विमा' नावाच्या फोल्डरात ठेवलं. ते फोल्डर आमच्या घरात कुणी उघडत नाही.

तेरसेला सकाळी निघालो. भरतेश गाडी चालवायला, शेजारी तात्या, मागं आत्या आणि मी. आत्याच्या मांडीवर डबा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. पायाशी गाळलेल्या पाण्याची कळशी, तोंडाला फडकं बांधलेली. आत्यानं निघतानाच सांगितलं, देवळात जशी दर्शन घेऊन मग जेवते तशी आज फुलं बघून जेवणार. दुपार व्हायच्या आत फुलं बघून होतील, असं निळ्यानं सांगितलं होतं. सगळे खूश होते.

रहिमतपुरात निळ्यानं आम्हाला आत घेतलं, बोळातून नेलं, आणखी एका बोळातून नेलं आणि एका अंगणात उभं करून म्हणालं, "आपण पोहोचलात."

अंगणात सतरंजी टाकलेली होती. घरातून एक गृहस्थ हात जोडत आले. "या, या. आमी वाटच बघतोय. मुलगा कुठला ह्यातला?"

तात्यांनी तिथंच 'वाट चुकली' म्हणायला हवं होतं. पण समोरच्यानं हात जोडले की तात्यांना बसावंच लागतं. ते बसले. मला आणि भरतेशला शेजारी शेजारी बसवण्यात आलं. कांदेपोहे आले. आम्ही कांदा खात नाही म्हटल्यावर ते परत गेले आणि साबुदाणा भिजत घालण्यात आला. साबुदाणा भिजायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. भरतेशचं लग्न झालेलं आहे, हे तात्यांनी शेवटी शेवटी सांगितलं. मग खरी माणसं आली. त्यांनाही निळ्यानंच आणलं होतं, पण आधी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात नेऊन.

कासला पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. गाड्यांची रांग घाटाच्या अर्ध्यापर्यंत. मी दर दोन मिनिटांनी सूर्याकडं बघत होतो, मग आत्याकडं, मग मोबाइलकडं. भरतेश आरशातून म्हणाला, "तू कोंबडीसारखा मान हलवू नको रं. मला गरगरतंय."

आत्यानं फुलं बघितली. वाकून, हात मागं बांधून, एकेक. एका जांभळ्या फुलापाशी ती इतका वेळ थांबली की मागची रांग अडली आणि रखवालदारानं शिट्टी मारली. आत्यानं त्याच्याकडं वळून बघितलं. त्यानं शिट्टी खिशात घातली.

गाडीपाशी आल्यावर तिचे हात थरथरत होते. भूक वाढली की थरथरतात. तशी वेळ आली की ती ते पदराखाली घेते आणि दुसरीकडं बघते. आता तिनं पदर दोन्ही हातांवरून घेतला आणि डांबराकडं बघत राहिली.

"आक्का, इथंच बस," तात्या म्हणाले.

इथंच म्हणजे चिखल, चाकं आणि शेजारच्या गाडीतून येणारं भजन. पठारावर खायला मनाई. गाडीत आत्या जेवत नाही. पान हललं तर तिचं जेवण होत नाही. मी निळं उघडलं. "सूर्यास्ताला अजून तासाच्या वर अवकाश हाय," मी म्हणालो, "आणि खाली कोयनेच्या पाण्याकाठी एक जागा दाखवतंय. शांत हाय. वीस मिनिटं."

"बघा," तात्या म्हणाले. "रीतभात."

घाट उतरलो. जागा खरोखरच शांत होती. सपाट खडक, समोर पाणी, पाण्यापलीकडं डोंगर. भरतेशनं चटई टाकली. मी कळशी उतरवली. आत्यानं पाय धुतले, हात धुतले, मांडी घातली, पान घेतलं. मी डबा उघडला. तेवढ्यात पानावरचा उजेड गेला. कुणी दिवा मालवावा तसा.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. सूर्य पाण्यापलीकडच्या डोंगरामागं गेला होता.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या गावाला पश्चिमेला ऊस आहे. उसाच्या पलीकडं ऊस आहे. सूर्य तिथं सपाट बुडतो, कॅलेंडरात लिहिलेल्या वेळेला, एखाद्या सरकारी नोकरासारखा. सूर्याच्या आणि आपल्या मधे कुणी येऊन उभं राहू शकतं, ही शक्यता आमच्या खानदानात कुणाला सुचलेलीच नव्हती.

"सूर्य गेला," आत्या म्हणाली आणि पान खाली ठेवलं.

"न्हाई आत्या, हाय अजून!" मी मोबाइल पुढं केला. "हे बघा, साडेसहाला मावळतो. अजून लय वेळ हाय."

"दाखव मला."

"हे काय."

"मोबाइलातला नको. वरचा दाखव."

तात्या पुढं झाले. "आक्का, तो नुसता आड गेलाय. पलूसमध्ये अजून लख्ख असंल."

"मी पलूसमध्ये बसलेय का?"

"बरं, महाबळेश्वरात असंल."

"मग तिथल्यांना जेवू दे." तिनं डब्याचं झाकण लावलं आणि हात पदराखाली घेतले. "चला. परवा जेवीन."

परवा, हे ती इतकं सहज म्हणाली की भरतेशनं गाडीला टेकलेला हात काढला आणि काय करावं न सुचून पुन्हा टेकवला. तात्या चटईभोवती फिरायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. "निळं तुझं," ते मला म्हणाले.

"तुमचं हाय ते. तुमी पसंत केलं."

"आवं, मोबाइलात म्हस दिसती का वो?"

हे पाचव्याच कुणीतरी विचारलं. आमच्या मागं एक माणूस उभा होता, अंगात रेनकोट, हातात काठी. "नाथाजी," त्यानं स्वतःकडं बोट दाखवलं. "हितलाच. दुपारधरनं म्हस न्हाई. तुमी कवापासनं त्यात बघताय, म्हनलं दिसती का."

"म्हशीचं न्हाई हो ते," भरतेश म्हणाला. "आमचा सूर्य हरवलाय."

नाथाजीनं यावर मान डोलवली. जणू सूर्य हरवलेली माणसं तिथं आठवड्याला दोनदा येतात. "म्हस काळी हाय," त्यानं जादा माहिती दिली.

आणि मी मान वर केली तेव्हा मला दिसलं: आम्ही ज्या घाटानं उतरलो होतो त्याच्या वरच्या अंगावर ऊन होतं. पिवळंधमक. अर्ध्या डोंगरापर्यंत सावली, त्याच्यावर ऊन. सावलीची कड वर सरकत होती.

मी पीक विम्याचं फोल्डर उघडलं.

हिरव्यात डोंगराच्या सावल्या दिसायच्या. कुठल्या वेळी सावली कुठवर चढणार, ते राखाडी रंगात. घाटातली सगळी वळणं राखाडी होत चालली होती, एक सोडून. ते एक वळण बाहेर नाक काढून होतं आणि त्याच्या शेजारी थोडी सपाट जागा होती. तिथं ऊन अजून बराच वेळ टिकणार होतं.

तात्यांनी खांद्यावरून बघितलं. "हे ते लालासाहेबाचं न्हाई?"

"व्हय."

"काढून टाक म्हनलं होतं तुला."

"आता काढू?"

तात्यांनी आत्याकडं बघितलं. पदर थरथरत होता. "गाडी काढ भरत्या," ते म्हणाले.

आत्या आधी उठायला तयार नव्हती. "सूर्य बुडाला तो बुडाला. एका दिवसात दोनदा सूर्य?"

"बुडाला न्हाई आत्या, आपुन बुडालोय," मी म्हणालो. "आपुन खाली हाय."

तिनं वर बघितलं. डोंगरावरचं ऊन बघितलं. "दिसला तर जेवीन," ती म्हणाली. "न्हाई दिसला तर तुझ्या मोबाइलाचं नाव काढायचं न्हाई."

गाडीत नाथाजीही बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "म्हस वरच्या अंगाला असली तर," एवढंच तो म्हणाला.

भरतेशनं जन्मात तशी गाडी चालवली नसेल. प्रत्येक वळणावर वाटायचं, आलं ऊन. आणि तिथं पोहोचेपर्यंत सावली आमच्या आधी पोहोचलेली असायची. कळशी मी पोटाशी धरली होती, तरी फडक्यातून पाणी माझ्या मांडीवर सांडत होतं. तात्या सारखे मागं वळून विचारत होते, "अजून किती?" मी म्हणायचो, दोन वळणं. ते म्हणायचे, "मगाशी पण दोनच होती." समोरून एक टेम्पो आला आणि आम्ही अडलो. टेम्पोवाल्याला मागं जायचं नव्हतं, आम्हाला जाता येत नव्हतं. तात्या काच खाली करून ओरडले, "आवं, आमच्या आक्काला जेवायचं हाय!" टेम्पोवाल्यानं काय समजून घेतलं कुणास ठाऊक, पण तो मुकाट्यानं मागं गेला.

आत्या डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते. णमोकार म्हणत होती, की आम्हाला नावं ठेवत होती, ते कळत नव्हतं.

मग एका वळणावर काचेतून ऊन थेट डोळ्यांत घुसलं आणि भरतेशनं ब्रेक दाबला. सूर्य समोर होता. सगळाच्या सगळा. डोंगराच्या धारेपासून हातभर वर.

"हाच!" मी ओरडलो. "हीच जागा!"

सपाट जागा होती. अगदी हिरव्यानं दाखवली तेवढीच. आणि त्या सगळ्या जागेवर एक म्हैस बसली होती.

नाथाजी शांतपणे खाली उतरला. "हीच ती," तो म्हणाला. मग माझ्या मोबाइलकडं आदरानं बघून म्हणाला, "बराबर दाखवलं की वो."

म्हैस उठेना. नाथाजीनं शेपूट धरली, भरतेशनं शिंग धरलं आणि सोडलं. मी "हुर्र" म्हणालो. म्हशीनं रवंथ थांबवला नाही. शेवटी तात्या पुढं झाले. दूध संस्थेचे इतक्या वर्षांचे चेअरमन. त्यांनी म्हशीच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी म्हणाले. म्हैस तीन पावलं सरकून पुन्हा बसली. ते काय म्हणाले, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चटई पडली. आत्यानं कळशीतलं पाणी घेऊन पुन्हा हात-पाय धुतले. घाई नाही. मांडी घातली. सूर्याकडं एकदा डोळे भरून बघितलं, हात जोडले आणि पहिला घास घेतला.

आम्ही उभे होतो. बसायचं सुचलं नाही. एकदा सूर्याकडं बघायचो, एकदा पानाकडं. दीड दशमी राहिली तेव्हा सूर्य चार बोटं वर होता. आत्या एकेक घास इतका चावत होती की माझेच दात दुखायला लागले. बोलायची सोय नव्हती, कारण ती मौनात होती आणि आम्ही धाकात. मग एकदम पानावर सावली आली.

"गेला!" भरतेश किंचाळला.

सूर्य नव्हता गेला. तात्या मधे येऊन उभे राहिले होते. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, भरतेश आणि नाथाजी, त्यांना धरून बाजूला ओढलं. चेअरमनना असं कुणी ओढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आत्यानं गोळी घेतली. पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला तेव्हा सूर्य धारेला टेकला होता. तिनं पुन्हा हात जोडले, उद्याच्या उपवासाचा नियम घेतला आणि उठली. हात आता थरथरत नव्हते. भरतेश तिथंच म्हशीला टेकून मटकन बसला.

"तात्या," आत्या म्हणाली.

"हां आक्का. बरं वाटलं का?"

"बांध मागं घ्यायचा."

तात्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "त्याचं आता काय काढलंस, आक्का? ते ॲप..."

"त्या ॲपानं सूर्य दाखवला म्हणून मी जेवले. तेच अन्न हाय माझ्या पोटात. आता ते सूर्याच्या बाबतीत खरं आणि बांधाच्या बाबतीत खोटं, असं मला म्हणता यायचं न्हाई."

"म्हस बी बराबर दाखवली," नाथाजीनं साक्ष दिली.

"दोन तर सऱ्या हायत," तात्या म्हणाले.

"मला ठाऊक हायत किती त्या. तिथल्या जांभळाखाली मी परकर खोचून जांभळं वेचलीत. तवा लालासाहेबाच्या बापाला विचारून वेचायला लागायची. आता जांभूळ आपल्यात आलंय. झाड चालत आलं का, तात्या?"

तात्या म्हशीकडं बघायला लागले. म्हैस त्यांच्याकडं बघत होती.

"परवा माझं पारणं," आत्या गाडीत बसत म्हणाली. "मी ते त्या जांभळाखाली बसून करणार. लालासाहेबाला सांगून ठेव. त्याच्या रानात बसायचं म्हणजे त्याची परवानगी पाहिजे. ती मिळंपर्यंत मला भूक न्हाई."

दार लागलं. डोंगराच्या धारेवर थोडं केशरी राहिलं होतं, तेही गेलं. नाथाजी म्हैस घेऊन खाली निघाला. जाताना त्यानं माझ्याकडून ॲपचं नाव दोनदा वदवून घेतलं. त्याच्या भावकीत आणखी दोघांच्या म्हशी हरवतात म्हणे.

तात्या पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. काच खाली केली, वर केली. घाट चढून आम्ही पठार ओलांडलं. साताऱ्याचे दिवे दिसायला लागले तसं त्यांनी मागं न बघता हात पुढं केला. मी मोबाइल दिला.

"ह्यात लालासाहेबाचं घर दाखवतंय का?"

लालासाहेबांचं घर आमच्या घरासमोर आहे. मधे एक नळ आहे. मी म्हणालो, "दाखवतंय."

तात्यांनी बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवलं. मग मोबाइल मला परत दिला.

"लांबचा रस्ता काढ," ते म्हणाले.